अंजनगावचा पानमळा आणि माझी अर्धी गोष्ट

दोन वर्षे झाली, माझी लेखणी कागदावर टेकते आणि अडेल बैलासारखी तिथेच बसते. पहिल्या पुस्तकाने लोकांना पोट धरधरून हसवले होते. प्रकाशक दर महिन्याला कार्ड टाकून दुसरे मागत होते. मी टाक बदलला, दौत बदलली, पहाटे उठून पाहिले, एका मित्राच्या सांगण्यावरून महिनाभर चहासुद्धा सोडला. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "पहिलं जिथून आणलंत, तिथूनच दुसरं आणा ना!"

पहिले आणले होते अंजनगाव सुर्जीहून, माझ्या आत्याच्या ओसरीवरून. पानमळ्यातून खुडलेली विड्याची पाने लावायला शेजारच्या बायका तिथे जमत. थोर पाने एकीकडे, कोवळी दुसरीकडे, डागी बाजूला. हात पानांवर आणि तोंड गावावर. सुट्टीत जाऊन मी त्या गप्पा ऐकल्या आणि नावे बदलून छापल्या. म्हणून यंदा मार्गशीर्षात शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि निघालो. खरे सांगायचे तर मी आत्याला भेटायला निघालोच नव्हतो, विहिरीवर बादली घेऊन जावे तसा निघालो होतो.

पुण्याहून जाणाऱ्यांनी कल्याणला गाडी बदलावी आणि भुसावळला सुरई भरून घ्यावी, पुढचे पाणी मचूळ लागते. सकाळी आकोला आले. हंगामात या शहराच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो. फलाटावर आत्याच्या निरोपाप्रमाणे नामदेव उभा होता. हा आत्याच्या शेजारच्या सरूकाकीचा मुलगा, इथल्या एका जिनिंगमध्ये कामाला. त्याने फडक्यात बांधलेली भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी माझ्या हातात दिली.

"बस की जरा. गाडीला वेळ आहे," मी म्हणालो.

"आत्याबाईनं सांगतलं म्हनून आलो," तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालता झाला. वऱ्हाडी माणूस फटकळ, असे मनाशी म्हणून मी भाजीवर ताव मारला. भाजी फार छान होती.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून एलिचपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसायचे. ही गाडी म्हणजे घरचीच. एका ठिकाणी रुळाशेजारी उभ्या माणसाने ड्रायव्हरच्या हाती डबा दिला, पुढच्या स्टेशनावर भावाला द्यायला. मी घड्याळ काढलेले पाहून समोरचा शेतकरी म्हणाला, "घडी कायले पायता? गाडी पोचली का समजतेच!" दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि पांढरा कापूस. डोके बाहेर काढू नका, इंजिनाचे कोळसे डोळ्यांत जातात. थर्डची बाके कडक आहेत, घोंगडी बरोबर असू द्या.

दुपारी आत्याच्या घरी पोचलो. तिने गूळ-पाणी दिले, तोंडावरून हात फिरवला, रोडग्यांचा बेत सांगितला. पण ओसरीवर पानांच्या ढिगापाशी ती एकटीच बसली होती.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"येत नाईत आता."

"का?"

"इथं बोललेलं छापून येते, म्हने." आत्या हसली नाही. डागी पान बाजूला ठेवून तिने पुढचे घेतले.

मी गुळाचा खडा खाली ठेवला. पुस्तकातले सर्वांत गाजलेले प्रकरण सरूकाकीचे होते. तिकडे पानमळा म्हणजे देवघर. आत वहाणा घालून कोणी शिरत नाही. साहेब आला तरी बूट कुंपणाबाहेर. आणि सरूकाकी एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, बाजारातून येऊन वहाणांसकट आत धावली होती. त्या साली वेल सडले. तिने हे फक्त ओसरीवर सांगितले होते. मी त्याची वेंधळ्या बाईची फजिती केली. पुण्यात लोक ती एकमेकांना वाचून दाखवत. अंजनगावात ती मास्तरांनी पारावर वाचली आणि नाव बदललेले असूनही सगळ्यांनी ओळखली. सरूकाकीच्या सासऱ्यांनी तिला मळ्याची बंदी केली, हे आत्याने आता सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला मळ्यावर घेऊन गेली. मी न सांगता वहाणा काढल्या. आत वेलांची गार, ओली सावली होती. अंजनगावला जाल तर ती जरूर पाहा. पण मी आत गेलो नाही. कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली सरूकाकी पाने लावत बसली होती. तिचा दीर आतून टोपली आणून तिच्यापुढे ठेवत होता आणि न बोलता परत जात होता.

मी वाकून नमस्कार केला. पायांकडे पाहत राहिलो.

"काहून रे बापू, पुस्तक आनलं का?" तीच म्हणाली. "साऱ्या गावानं आयकलं, मले कोनी वाचून नाई दावलं. वाच."

पिशवीत होते. मी वाचले. स्वतःचे विनोद इतके किळसवाणे मला कधी वाटले नव्हते. पदर काट्यात अडकतो, तिथे ती चक्क हसली. "असंच झालतं, व्हय." मग वेल सडले, बाई तोंड लपवून फिरली, प्रकरण संपले.

"झालं?"

"झालं, काकी."

"मंग पोट्टं कुटी हाय?"

"कोणतं?"

"माह्यं. नामदेव. मळ्यातल्या हौदात पडलता थो, पान्यात. मले त्याचा आवाज आला. वहाना काढत बसली असती तं..." तिने पान उलटून पाहिले. "म्या काहून धावली, थे तं तुनं लिवलंच नाई."

मी आत्याकडे पाहिले. "तू अर्धीच आयकून उठला होता," आत्या म्हणाली. "खो खो हासला अन् कागद आनाले पळाला. म्या म्हटलं, पुढची आयकून घे. तं तू म्हनला, आत्या, इतकीच मस्त हाय."

मला आठवले. अगदी असेच म्हणालो होतो.

"काकी, तुम्ही सासऱ्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगतलं ना. दहा खेपा सांगतलं. मामंजी म्हनत, पुस्तकात तं पोट्ट्याचं काई नाई, छापलेलं खोटं असन का?" ती शांतपणे म्हणाली. "गेल्या साली गेले थे. जाईपर्यंत माह्या हातचं पान नाई खाल्लं. दीर बापाचा शब्द पाळून राहिला."

परत येताना मोटारीने परतवाड्यावरून अमरावती गाठली. धूळ इतकी की उपरणे दोनदा झटकावे लागते. अमरावतीची संत्री टोपलीने घ्यावीत, स्वस्त आणि गोड. मी घेतली, पण बडनेऱ्यापासून पुण्यापर्यंत एकही सोलली नाही. आकोल्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून नामदेवला शोधत होतो. तो कशाला येतो?

घरी आल्यावर लेखणी चालली, एका बैठकीत चार पाने. काकी का धावली, ते लिहिले आणि नव्या आवृत्तीत घाला म्हणून प्रकाशकांना पाठवले. त्यांचे उत्तर आले: "मजकूर चांगला आहे, पण याने विनोद मरतो." जुनेच पुन्हा छापले आहे. दोन वर्षे सुचत नव्हते म्हणून रडत होतो. आता वाटते, पहिल्या वेळी तरी न सुचते तर बरे झाले असते. काकीच्या त्या गेलेल्या सासऱ्यांना मी आता काहीही वाचून दाखवू शकत नाही.

म्हणून या मासिकासाठी हे प्रवासवर्णन. आपल्यापैकी कोणी अंजनगावला गेलेच, तर मळ्याच्या कुंपणाशी वहाणा काढा, हा अंक बरोबर न्या आणि सरूकाकीच्या दिराला मोठ्याने वाचून दाखवा. तो विचारील, खरे कशावरून? त्याला सांगा, छापलेले आहे.