दाजींचा डावा पंख

दाजी गेल्याची तार आली तेव्हा मी नगरच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होतो. रडू यायच्या आधी राग आला. डावा पंख तसाच टाकून हा माणूस निघून गेला... आज महिना होत आला, राग तसाच आहे.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लढाईच्या काळात नगरला लष्कराच्या वर्कशॉपात सुतारकाम केलं आणि लढाई संपल्यावर पारनेरला परतून खळ्यातल्या छपराखाली विमान बांधायला घेतलं. सांगाडा सागाचा, वर मांजरपाट, इंजिन भंगारातलं. तीन वर्षांत धड झालं, पंखही झाले. पण ते जोडायला चार माणसं लागतात आणि दाजी माणूस बोलावणार नाहीत. गावात कुणाच्याही शेतावर मदतीची इर्जिक असो, औत घेऊन पहिले हजर हेच. स्वतःसाठी हाक मारायची म्हणजे मात्र जिवावर यायचं. उजवा पंख त्यांनी बैलगाडीवर बाज आणि बाजेवर पोती रचून एकट्याने चढवला. दोनदा गाडी सरकली, दोनदा पंख आपटला. अक्का महिनाभर जमिनीवर निजली, कारण बाज पंखाखाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा डाव्याची पाळी होती. टोक मी धरलं. "वर... जरा खाली... आता हालू नको," म्हणत दाजी भोकाला भोक जुळवायचे आणि जुळलं की बोल्ट पलीकडे राहिलेला असायचा. तो आणेपर्यंत माझे हात थरथरायचे, भोक सरकायचं. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत हेच.

"दाजी, चार माणसं बोलवा," मी म्हणालो.

"हे उडालं न्हाई तर माझ्यासंगं त्यांचंबी हसं हुईल."

"मग तुमचं तुम्ही बघा." पंख पोत्यांवर टेकवला आणि दुपारच्या गाडीने निघून आलो. पुढे पेरण्या आल्या, पंख तिथेच राहिला आणि दिवाळीच्या आधी विषमज्वराने दाजी गेले.

दहाव्याची जेवणं झाल्यावर अक्का जमलेल्या माणसांना म्हणाली, "तेवढा पंख लावा. मला बगवत न्हाई." सहाजण उठले. एक बिडी ओढून होईपर्यंत पंख बसला. शेजारचे तात्या हात झटकत म्हणाले, "तीन वर्सं वाट बघत हुतो आमी. हाक आलीच न्हाई."

मी खाली मान घालून बोल्ट पिळत राहिलो. कारण त्या दुपारी मी निघालो तेव्हा, आयुष्यात बहुधा एकदाच, दाजींनी मागून हाक मारली होती, "थांब की रं..." आणि ती मला नीट ऐकू आली होती.