तांबड्या पाण्याची बोरिंग

ग्रामपंचायतीत माझं काम पाण्याचं. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, कुठं गळती दिसली की सांगायचं. शिवाय वर्षातून दोनदा गावातल्या पाचही बोरिंगांचं, म्हणजे हातपंपांचं, पाणी बाटल्यांत भरून तालुक्याला, गोंडपिपरीला, पोचवायचं. तिथून त्या बाटल्या पुढं प्रयोगशाळेत जात आणि पाण्यात जंतू आहेत की नाहीत, ते कळत असे. दहावी झालेली सून गावात तेव्हा मी एकटीच होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं.

एका उन्हाळ्यात ग्रामसेवक मोबाईल घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, ऑनलाइन ट्रेनिंग आहे आठ दिवसांचं. जमिनीतलं पाणी तपासायचं, साफ करायचं नवं तंत्रज्ञान. तुमचं नाव टाकून देऊ का? सगळे इंजिनिअर राह्यतीन, पण गावाकडून एक नाव पाह्यजे म्हणतात."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर नाही कसं म्हणायचं, ते सुचलं नाही.

आमच्या घरात रेंज येत नाही. ती येते तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडापाशी. माझे मालक तलावात मासोळ्या धरतात. त्यांनी बांबूची एक काडी जमिनीत रोवली आणि जाळ्याच्या सुतळीनं मोबाईल तिला बांधून दिला. दुपारी दोन ते चार मी छत्री धरून त्या मोबाईलसमोर बसायची. पाळीवरून जाणाऱ्या बाया विचारायच्या, "काऊन वो, कोणासंगं बोलून राह्यली?" मी म्हणायची, "शाळेत आहो."

शिकवणाऱ्या मॅडम हिंदीत बोलायच्या आणि मधूनच इंग्रजीत शिरायच्या. पहिल्या दिवशी निम्मं डोक्यावरून गेलं. ऐकू आलेला प्रत्येक नवा शब्द मी वहीत आपल्या अक्षरात लिहून ठेवला आणि संध्याकाळी ग्रामसेवकांना विचारला. तिसऱ्या दिवसापासून चित्रं समजू लागली. जमिनीखाली खडकाच्या भेगांतून पाणी कसं फिरतं, शेजारशेजारच्या दोन बोरिंगांचं पाणी वेगळं का असतं, विहिरीत सोडून ठेवलेलं यंत्र पाण्याची पातळी आपणहून मोबाईलवर कशी पाठवतं.

चौथ्या दिवशी मॅडम नमुना कसा घ्यायचा ते सांगत होत्या. "आधी पंप दहा मिनिटं चालवा. पाइपात उभं राहिलेलं पाणी भरलं, तर तुम्ही जमिनीचं पाणी तपासलंच नाही. बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळा. आणि ज्या जागेचं नाव लिहाल, त्याच जागेचं पाणी भरा."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी मान खाली घातली. गावापासून कोसभर अंतरावर, जंगलाच्या कडेला गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथल्या बोरिंगचं पाणी लोखंडामुळे तांबडं येतं, म्हणून गावातलं कोणी ते पीत नाही. एका पावसाळ्यात वाट चिखलानं भरली होती आणि मी टोल्यावर गेलेच नव्हते. देवळाजवळच्या बोरिंगवर दोन बाटल्या भरल्या आणि एकीवर टोल्याचं नाव लिहून दिलं. कोणाला कळलं नाही. पण मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि पाचही बोरिंगांवर गेले. प्रत्येकीवर दहा मिनिटं दांडा मारला. पंचायतीच्या कपाटात पाणी तपासायची पेटी कित्येक वर्षं पडून होती. तिच्यातली औषधं संपली होती, ती ट्रेनिंग सुरू झालं तेव्हाच ग्रामसेवकांनी नवीन आणून दिली होती. फ्लोराइडच्या तपासणीत पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी रंग राहिला तर पाणी चांगलं, पिवळा झाला तर फ्लोराइड जास्त, म्हणजे दातांना आणि हाडांना वाईट.

देवळाजवळची बोरिंग म्हणजे गावाचा जीव. पाणी काचेसारखं, चव गोड. टाकीचं पाणी सगळ्यांना पुरत नाही, अर्धं गाव तिथंच भरतं. तिचं पाणी पिवळं झालं. माझं काही चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. गावातल्या बाकी तिन्हींचं गुलाबी राहिलं, पण त्यांची धार बारीक, गावाला पुरणारी नाही.

टोल्याचं तांबडं पाणी आधी निवळू दिलं, मग तपासलं. ते गुलाबी राहिलं.

टोल्यावरची एक म्हातारी बाई माझ्याजवळ बसून हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "तुमच्या गावातल्या लेकरायचे दात तपकिरी काऊन, अन् आमच्या लेकरायचे पांढरे काऊन, हे मी लय दिवसांपासून पाहून राह्यलो बाई. पण आमाले कोण विचारते?"

त्या दुपारी मी वर्गात पहिल्यांदा माझा आवाज चालू केला. मोडक्या हिंदीत दोन्ही बोरिंगांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "नमुने प्रयोगशाळेत पाठवा, खात्री करून घ्या. खरं निघालं तर तुमचं गाव नशीबवान आहे. फ्लोराइड काढणं अवघड, लोखंड काढणं सोपं." पुढचा तासभर त्यांनी लोखंड काढायची गाळणी शिकवली. पाणी वरून बारीक धारांनी पाडायचं म्हणजे त्याला हवा लागते, लोखंडाचा गाळ होतो आणि तो वाळूत अडकतो.

प्रयोगशाळेचा कागद आला. पेटीनं खरंच सांगितलं होतं.

टोल्याचं पाणी गाळून गावानं प्यावं, असं ग्रामसभेत मांडलं, तेव्हा गोंधळ झाला. एक भाऊ उठून म्हणाले, "माह्या बापानं हेच पाणी पेलं. आता हे मोबाईलवर शिकून आली, अन् आमाले टोल्याचं गढूळ पाणी पाजते!"

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून वेगळंच निघालं. "भाऊ, एका साली मी टोल्यावर गेलोच नाई. इथलंच पाणी भरून त्यायचं नाव लिहिलं. तो रिपोर्ट खोटा होता. प्रयोगशाळेची चूक नाई, माही चूक होती. आजचा खरा आहे. पाचही जागी मी सोता गेलो."

आता नोकरी जाते, असंच मला वाटलं. सरपंच बाई म्हणाल्या, "जे कोणालेच माहीत नव्हतं, ते ईनं सोता सांगतलं. मंग आता कायले खोटं बोलन?"

तुमचं पाणी गावाला द्याल का, हे टोल्यावरच्या लोकांना विचारायला सरपंच बाई आणि मी दोघी गेलो. ती म्हातारी बाई हसली. "आता चालते का आमचं पाणी?" मग म्हणाली, "गाळणी इथीच बांधा, आमच्या टोल्यात. अन् पह्यला नंबर आमचा." आम्ही कबूल केलं.

तीन ड्रम, नदीची वाळू, गोटे, कोळसा आणि खिळ्यानं भोकं पाडलेली एक मोठी परात. टोल्यावरच्या माणसांनी ओटा बांधला, गावातल्यांनी वाळू आणली. पहिल्या दिवशी पाणी गढूळच आलं आणि लोक तोंडं फिरवून गेले. वाळू नीट धुतलेली नव्हती. आम्ही बायांनी ती उपसली, नदीवर नेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली आणि पुन्हा भरली. चौथ्या दिवशी खाली ठेवलेल्या गुंडात, म्हणजे कळशीत, पाणी पडलं, आणि तळाशी ठेवलेलं नाणं दिसलं. म्हातारीनं पहिला पेला प्यायला. दुसरा तिनं माझ्या हातात दिला.

देवळाजवळच्या बोरिंगला आम्ही लाल रंग दिला. तिथं आता लोक भांडी घासतात, गुरांना पाजतात. चार-दोन घरं अजून तेच पितात, मी सांगणं सोडलेलं नाही.

हे सगळं मॅडमना कळवलं, तेव्हा त्यांनी मला पुढच्या तुकडीच्या वर्गात बोलायला बोलावलं. पडद्यावर बारीक-बारीक चौकोनांत किती तरी चेहरे होते. "तुमच्याच भाषेत बोला," मॅडम म्हणाल्या. मी बोलले. माझे मालक होडी काठाला लावून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

मागच्या वर्षी गडचिरोलीला पाण्याचंच काम करणाऱ्या बायांना शिकवायला मला बोलावलं. एसटीनं गेले, पेटी मांडीवर घेऊन. तिथं एका बाईनं विचारलं, "आमच्याकडे फ्लोराइड अन् लोखंड दोन्ही आहे, मंग काय करावं?"

मला येत नव्हतं. मी म्हटलं, "मले माहीत नाई बाई. विचारून सांगतो."

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना फोन लावला आणि उत्तर वहीत लिहून घेतलं. दुपारी फळ्यावर चित्र काढून सगळ्यांना समजावलं. ती बाई मान हलवत ऐकत होती. मग तिनं स्वतःची वही उघडली आणि माझं चित्र जसंच्या तसं उतरवून घेतलं.