महानंदाच्या नावावरची फोल्डरं

महानंदा गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी पालक निवडत बसले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, तिच्या गावाहून, मंद्रूपहून सोलापूरला आणेपर्यंत सगळं संपलं, एवढंच त्यात होतं. वय बेचाळीस. हातातली जुडी खाली ठेवली आणि... लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते... मी ग्रुपवर कोणी काय लिहिलंय ते वाचत बसले. रंगखात्याचे मास्तर, पॅकिंगच्या बायका, गेटवरचे वॉचमन, सगळ्यांनी मनापासून लिहिलं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मी गेले तर यातले किती जण लिहितील?

आमचा कारखाना टॉवेलचा. माल परदेशात जातो. प्रत्येक गिऱ्हाइकाचं डिझाइन, माप, पसंत केलेला रंग, पॅकिंगच्या सूचना असे ढीगभर कागद असतात. बावीस वर्षं ते माझ्याकडे होते. आधी लोखंडी कपाटात, नंतर माझ्या कॉम्प्युटरवर. फायलींना मी दिलेली नावं फक्त मलाच कळायची. "मॅडम, तेवढी फाईल द्या की," असं म्हणत दिवसभर कोणी ना कोणी टेबलाशी उभं असायचं. मी वैतागल्यासारखं करायची, पण मला ते फार आवडायचं.

महानंदा पॅकिंगमधून वर आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी; बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झालेली, कॉम्प्युटर स्वतःच शिकलेली. साहेबांनी सगळ्या फायली ऑनलाइन, एका ठिकाणी ठेवायचं ठरवलं आणि काम तिला दिलं. मला वाटलं, चार दिवसांत रडत माझ्याकडे येईल. ती आली नाही. वही घेऊन खात्याखात्यांत फिरली. कोण कशाला काय म्हणतं ते विचारत राहिली. रंगखात्याचे मल्लेशम मास्तर घरी तेलुगू बोलणारे. त्यांच्या तोंडी रंगांची जी नावं होती तीच तिनं फायलींना दिली. महिन्याभरात कोणीही आपापल्या मोबाइलवर हवं ते काढू लागलं. माझ्या टेबलाशी कोणी उभं राहीना.

एकदा डबा खाताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मेंढरं हाकता हाकता बाई फायली हाकायला लागली." बायका खाली बघायला लागल्या. महानंदा मात्र हसली. "हाकून काय उपेग न्हाय मॅडम," ती म्हणाली, "कुटलं कुटं हाय ते ध्यानात ठेवायचं असतंय." तिचं ते हसणं मला लागलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती गोष्ट घडली. आमच्याकडे ऑफिस व्यवस्थापकाची जागा निघणार होती आणि ती महानंदाला मिळणार हे उघड होतं. त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. महानंदा पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेलेली. मी कॉम्प्युटर उघडला आणि त्या गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या रंगांचं फोल्डर सगळ्यांच्या जागेतून उचलून माझ्या खासगी जागेत टाकलं. पुसलं नाही, फक्त हलवलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन बसले आणि फोल्डर कोणालाच सापडेना. तिचा फोन लग्नाच्या गलबल्यात लागेना. साहेबांना घाम फुटला. अर्ध्या तासानं मी "शोधून" दिलं. साहेब म्हणाले, "विजयाताई, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

ती परतल्यावर साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ती शांतपणे जागेवर गेली, स्क्रीनवर काहीतरी उघडलं. मी मागेच उभी होते. कोणती फाईल कोणी कधी हलवली याची नोंद तिथं आपोआप राहते, हे मला तेव्हा कळलं. माझं पूर्ण नाव होतं, वेळेसकट. तिनं ते वाचलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "माजी चूक हाय सर. परत न्हाय व्हायची."

जागा मला मिळाली. तीन वर्षं ती माझ्या हाताखाली राहिली, तसंच "मॅडम, मॅडम" करत. त्या प्रसंगाबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. तिचे उपकार वाटायला हवे होते ना? मला राग यायचा. कामात ती माझ्यापेक्षा सरस होतीच, आता मनानंही मोठी ठरली होती. तिच्या रजेच्या अर्जात मी बारीकसारीक खोट काढायची, सुट्टी एक दिवस कमी करून द्यायची... ती "व्हय मॅडम" म्हणायची.

शोकसभेत सगळे बोलले. माझी पाळी आली तेव्हा तयार करून नेलेला कागद मला वाचवेना. जे घडलं ते मी तसंच सांगून टाकलं. कोणी हललं नाही, कोणी दचकलंही नाही. सभा संपल्यावर मल्लेशम मास्तर चहाचा कप घेऊन शेजारी आले.

"ते आम्हाला ठाऊक होतं मॅडम."

"महानंदानं सांगितलं?"

"छे. नोंद सगळ्यांनाच दिसती की. तिला साहेब बोलले त्या दुपारीच पॅकिंगच्या बायकांनी मोबाइलवर काढून बघितलं. साहेबाकडे निघालेच होते सगळे. तिनंच आडवलं. म्हणाली, मॅडमनी हितं उभं आयुष्य काढलंय, त्यांना खाली मान घालायला लावू नका."

म्हणजे तीन वर्षं मी केबिनमधून बाहेर आले की खुर्चीवरून उठणारी माणसं, तो "मॅडम, नमस्कार", सणाला टेबलावर येणारी पेढ्यांची पुडी... ते सगळं तिनं माझ्यासाठी मागून घेतलेलं होतं. जो मान माझा स्वतःचा म्हणून मी तिच्यापासून जपत होते, तोही तिच्याच शब्दावर टिकलेला होता.

जागा सोडते म्हणून मी साहेबांना लिहून दिलंय. नवीन माणूस येईपर्यंत थांबा, असं ते म्हणाले. तोवर एक काम माझ्याकडे आहे. तिचं खातं बंद करायचंय आणि तिच्या नावावरची सगळी फोल्डरं दुसऱ्या नावावर करायची आहेत. नवीन माणूस येईपर्यंत ते नाव माझं असणार. रोज सकाळी मी ती यादी उघडते. प्रत्येक ओळीपुढे मालक म्हणून महानंदाचं नाव असतं. खाली, पार खाली जाईपर्यंत तेच. मी यादी बंद करते आणि उद्या करू म्हणते. ते नाव पुसवत नाही, हे खरंच आहे. पण दुसरंही खरं आहे. तिथं माझं नाव लागलं, की उद्या येणाऱ्याला वाटेल हे सगळं मीच इतकं नीट लावून ठेवलंय... आणि तसं कोणाला वाटावं, असं मला अजूनही वाटतं.