गुरुवारची हाक

देवाशी माझं बोलणं तुटलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. एकाहत्तरच्या लढाईत आमचा एकुलता एक मुलगा विलास गेला. तार आली तेव्हा मी अंगण सारवत होते. शेणाचे हात धुवायचंही भान राहिलं नाही. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या मालकांनीच त्याला हाताला धरून भरतीला नेलं होतं आणि तो भरती झाला म्हणून गावभर पेढे वाटले होते. आता ते कुणाशी बोलत नसत. उसाला पाणी पाजायला जायचे आणि पाट फुटून पाणी भलतीकडे गेलं तरी बांधावर तसेच बसून राहायचे.

शेवटी शेत पुतण्याच्या हवाली केलं आणि माझ्या भावाच्या सांगण्यावरून आम्ही पाचगणीच्या अलीकडच्या पठारावर राहायला आलो. तिथं एका महाराजांच्या शिष्यांनी वसाहत वसवली होती. छोटंसं गावच ते, पण आधी कागदावर आखलेलं आणि मग बांधलेलं. मधोमध प्रार्थनामंदिर, त्याच्या चारी बाजूंना सरळ रस्ते, सगळी घरं एकाच उंचीची आणि एकाच चुन्यानं रंगवलेली. दारावर आडनावाची पाटी नाही, जातीची वेगळी आळी नाही, जेवण सगळ्यांचं एका पंगतीत. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण सगळं इतकं ओळीत पाहून मला गुदमरायला व्हायचं. डोंगर तेवढा वाकडातिकडा राहिला, याचंसुद्धा या लोकांना वाईट वाटत असेल, असं मनात यायचं. प्रार्थनेला मी जायची ती चार बायका बसतात म्हणून.

गुरुवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वसाहतीला मौन असे. त्या दिवशी घंटासुद्धा वाजवत नसत. वसाहत वसल्यापासून हे मौन एकदाही मोडलं नव्हतं आणि त्याचा सगळ्यांना मोठा अभिमान. नाना तर त्याच्याही पुढचे. शिराळ्याकडचे हे म्हातारे गृहस्थ महाराजांचे पहिले शिष्य. महाराजांनी देह ठेवल्यापासून त्यांनी कायमचंच मौन धरलं होतं. काही सांगायचं झालं तर हातानं खुणा करत. आमच्या मालकांना हे सगळं बरं पडलं. गप्प राहायला त्यांना निमित्तच मिळालं. मला मात्र गुरुवार खायला उठायचा.

असाच श्रावणातला एक गुरुवार होता. पठारावर धुकं इतकं उतरलं होतं की दारातली तुळस दिसेना. दुपारी पंगतीची भांडी घासून मी घरी आले, तर हे घरात नव्हते. काठी कोपऱ्यात होती, चपला उंबऱ्यापाशी होत्या. भर पावसात अनवाणी गेले होते. वसाहतीच्या मागं थोडं माळरान आहे आणि माळ संपला की कडा. त्या चपला पाहिल्या आणि मी तशीच माळाकडे धावले. हे वाट चुकले, असंच मी आजही लोकांना सांगते. खरं काय ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

धुक्यात शोधायचं तरी कुठं? हाकच मारायला हवी होती. पण काय म्हणून मारायची? नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. लग्नानंतरची पहिली वर्षं मी ‘आवं’वर निभावली आणि विलास झाल्यावर त्यांना ‘विलासचं बाबा’ म्हणू लागले. तार आल्यापासून तेही बंद पडलं होतं. त्यांना बोलवायचं झालं तर मी भांडं वाजवायची. आता कड्याकडे तोंड करून उभी राहिले, तर तोंडात दुसरं काही येईना. मौन आठवलं नाही, वसाहत आठवली नाही. जीव खाऊन ओरडले, “आवं, विलासचं बाबाऽऽ!”

घरांची दारं धडाधड उघडली. वसाहतीची व्यवस्था पाहणारे गुरुजी ओठांवर बोट ठेवून धावत आले. मी त्यांना बाजूला सारलं आणि पुन्हा ओरडले. पण घसा बसत चालला होता. शेवटी नुसतं “विलास” एवढंच कसंबसं निघायला लागलं. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि “विलाऽऽस!” अशी हाक धुक्यात घुसली. ते नाना होते. त्यांचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकलाच नव्हता. पोरवयात त्यांनी डोंगरात म्हसरं राखली होती, तशीच ती लांबलचक हाक होती. मी ओरडले तेच त्यांनी उचललं. ते पाहून गुरुजींनी ओठांवरचं बोट काढलं. मग एकेक करत सगळी वसाहत ओरडू लागली. जे नाव मी घरात कोंडून ठेवलं होतं ते डोंगरभर फिरत होतं. मला ते सोसवेना आणि थांबावं असंही वाटेना.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग धुक्यातून हे आले. धोतर चिंब, पावलं रक्ताळलेली, आणि या वयात धावत होते. माझ्यापाशी येऊन धापा टाकत म्हणाले, “विलास आला काय गं? कुटं हाय?”

याहून अवघड प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही.

“न्हाई आला,” मी म्हटलं. “येनार बी न्हाई आता. म्या तुमास्नी हाक मारली. तुमी या.”

ते मटकन खाली बसले आणि रडू लागले. तार आल्यापासून पहिल्यांदा. मी चिखलातच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. माणसं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मंदिरात बैठक बसली. मौन मोडल्याबद्दल मला प्रायश्चित्त द्यावं, असं काहींचं म्हणणं होतं. मला त्याचं काही नव्हतं. नानांपुढे जायची मात्र लाज वाटत होती. त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, “नाना, माझ्यापायी तुमचं एवढ्या वर्षांचं मौन मोडलं.”

त्यांनी मला उठवलं. “पोरी, मौन कशापायी धरलं व्हतं? देवाची हाक कवा आली तर ऐकू यावी म्हनून. आली की. तुझ्या तोंडनं आली.”

प्रायश्चित्ताचा विषय तिथंच मिटला. नानांनी पुन्हा मौन धरलं आणि त्या मौनातच पुढं त्यांनी देह ठेवला.

आमचे हे आणखी काही वर्षं जगले. सुखी झाले असं म्हणणार नाही, पण विलासबद्दल बोलायला लागले. तार येण्याआधी आणि नंतरही मी देवाकडे एकच मागत आले होते, माझा मुलगा परत दे. त्यानं दिला नाही, आणि तो सल मी मरेपर्यंत राहील. पण त्या गुरुवारी मी काहीच मागितलं नव्हतं, नुसती ओरडले होते, आणि तेवढ्यावर त्यानं एक माणूस मला कड्यावरून माघारी दिला. तेव्हापासून मागणं सुटलं. त्याचं त्याला कळतं, एवढं म्हणून मी हात जोडते.

शेवटच्या दुखण्यात हे डोळे मिटून पडलेले असायचे. एका सकाळी हळूच म्हणाले, “हाक मार की गं मला.”

मी कानाशी वाकून म्हटलं, “विलासचं बाबा.”

त्यांनी ओ दिली.