खंडेनवमीला आवळलेला नट

आमचं गॅरेज अनगोळच्या वाटेवर होतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. त्यांच्या हाताखाली मी आणि माझा जोडीदार, निपाणीचा एक मिस्त्री, माझ्याच वयाचा. त्याची आई तिकडं तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घर बौद्ध. आम्ही दोघं एका डब्यात जेवायचो. हे मी नेहमी आधी सांगतो, जणू त्यानं काही भागतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या नव्या छोट्या गाड्या आमच्याकडं नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तसलीच एक गाडी जांबोटीच्या एका मास्तरांनी एका संध्याकाळी आणली. वळण घेतलं की पुढून कटकट आवाज. एक्सलचं रबर फाटून आत चिखल गेला होता. एक्सल बदलण्याला पर्याय नव्हता. मास्तरांचे वडील गावाकडं अंथरुणाला खिळलेले, औषधं घेऊन दुसऱ्या दिवशी परतायचंच होतं. आणि तो दिवस खंडेनवमीचा.

दुपारी हत्यारांची पूजा झाली की दसऱ्यापर्यंत एकालाही हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. सकाळीच काम उरकायचं म्हणून जोडीदार भल्या पहाटे कोल्हापूरहून नवा एक्सल आणायला गेला. एसटी वाटेत बंद पडली. तो आला तेव्हा अण्णा रॉकेलनं पुसलेले पाने पोत्यावर मांडत होते.

"हातात हाईत तेवढ्या पान्यांवर उरका, पोत्यावरच्यास्नी हात न्हाय," अण्णा म्हणाले. पूजा केली, कोहळा फोडला आणि घरी जेवायला गेले.

आम्ही उरकत होतो. चाकाचा हब बाजूला ओढून जुना एक्सल गियरबॉक्समधून उपसून काढला, गळलेलं तेल पुन्हा भरलं, नवा एक्सल आत खटकन बसला. चाकही चढलं. उरला मधला मोठा नट. तो अंगचं सगळं वजन टाकून आवळावा लागतो, नाहीतर बेअरिंग जातं, चाकसुद्धा सुटू शकतं. त्याचा मोठा पाना आणि त्याला लांबी द्यायचा पाइप, दोन्ही पोत्यावर, हळदीकुंकू लावून, झेंडूखाली.

मास्तर दारात उभे. रस्त्याकडं बघत होते.

मी जोडीदाराला म्हणालो, "तू घे रं त्यो पाना. तुला काय, तुमच्यात चालतंय."

तो हसला. "व्हय? पाना घेताना आमच्यात चालतंय, आन् परसादाच्या वक्ताला?"

"घे की गड्या. मला न्हाय धजवत."

"आण्णास्नी इचारून येतो."

"मी सांगतो त्यास्नी. घे."

हे मी म्हणालो. "मी सांगतो." त्यानं चप्पल काढून पाना उचलला. मी गाडीत बसून ब्रेक दाबला, त्यानं पाइपावर लोंबकळून नट आवळला, छन्नीनं त्याची कड खाचेत ठोकली. मास्तर गेले. त्यानं पाना पुसून होता तसा ठेवला, वर झेंडू ठेवला. पुसलेलं कुंकू मात्र त्याला परत लावता येईना.

अण्णा आले आणि पोत्यापाशीच थांबले. "कुणी हात लावला?"

विचारलं दोघांना; बघत होते त्याच्याकडं. तो माझ्याकडं बघत होता. मी गाडीखालचं तेल भुशानं पुसत बसलो होतो. पुसलेलंच पुन्हा पुसत होतो.

"मी लावला, आण्णा," तो म्हणाला.

"आमचा देव तू मानू नगंस. पर ज्या हत्यारावर खातोस त्याचा तर मान ठेव रं." आणखीही बोलले. जातीचा शब्द तोंडातून काढला नाही, पण सगळं बोलणं त्याच्याच भोवती फिरत राहिलं. मग अण्णांनी हत्यारं धुतली, पुन्हा पूजा केली.

दुसऱ्या दिवशी तो आपट्याची पानं द्यायला आला नाही. दिवाळीपर्यंत कामाला आला, जेवला वेगळा. मग निपाणीत हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं. आमच्याकडं सगळे म्हणत, चार शब्द ऐकून घेतले असते तर काय झालं असतं? त्यात मीही मान हलवायचो.

बरीच वर्षं गेली. थकलो. मागच्या उन्हाळ्यात निपाणीला गेलो, तिथं त्याच्या गॅरेजात बसून त्या दिवसाचं बोलायला तोंड उघडलं. चहा पुढं सारत तो म्हणाला, "मला काय सांगतोस? मी हुतो की तिथंच. आण्णास्नी सांग."

अण्णा आता खाटेवरच असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, मीच घ्यायला लावला होता म्हणून. मला वाटलं, रागावतील.

"मला तवाच कळलंतं," ते म्हणाले. "त्यो पोरगा इचारल्याबगार खिळ्याला हात लावत न्हवता. पर तुला भाईरच्यापुढं कसं बोलणार? घरचा हाईस."

मग कूस बदलून त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. निपाणीला मात्र हे अजून कळवलेलं नाही. अण्णांना ठाऊक होतं, हे त्याला सांगायला माझं तोंड उघडत नाही.