मागच्या दारी रोज एक फूल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. दूध गॅसवर, माझी एक वर्षाची लेक चिऊ कमरेवर, आणि मी मागचं दार उघडलं. माझी फजिती सुरू झाली ती नेमकी तिथून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये मला थांबवू नका.

दारासमोर उघड्या मातीत एक फूल! पांढरं, मध्ये जांभळं. आजूबाजूला ना झाड, ना पान. वास तर असा, की कोणी अत्तराची बाटली फोडलीय! आता सांगा, झाड नसताना फूल येईल कुठून? कोणीतरी आणून ठेवलं म्हणूनच ना?

आम्ही गोव्यात, मये गावात राहतो. हे ट्रकवर असतात. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला चोपड्याला गेलेल्या. घरात दिवसभर मी आणि चिऊ. त्यात चिऊ पेज तोंडात घेईना, नुसती किरकिर. मग बाईमाणसाच्या डोक्यात काय येणार?

"अहो, दारात कोणीतरी फूल ठेवलंय!"

"मग माळ केसात," हे म्हणाले, नि गेले ट्रकवर.

केसात! अशा वस्तूला हात लावायचा नसतो, ओलांडायचंही नसतं. मी बांबूला झाडू बांधला, तोंड फिरवलं आणि लांबूनच ते फूल कुंपणापर्यंत उडवलं.

दुसऱ्या सकाळी त्याच जागी दुसरं. टवटवीत!

म्हणजे करणी करणारा चिवट होता. मी ओंजळभर खडेमीठ टाकलं. पुढच्या सकाळी दोन फुलं! मग मात्र मी मिठाची अख्खी पिशवी ओतली, वर उकळतं पाणी. चिऊची दिष्ट काढली, मिरच्या जाळल्या. मिरच्यांचा ठसका लागला तर दिष्ट नसते म्हणतात. आम्ही दोघी खोकून खोकून लाल झालो, तरी माझा संशय जाईना.

संशय कोणावर? शेजारच्या सुमतीकाकींवर. त्याच आठवड्यात त्या चिऊला बघून म्हणाल्या होत्या, "पोर कसा लोण्याचो गोळो!" वर विचारतात, "सासू कधी येता गो?" हिला कशाला हव्यात चौकशा? त्यांनी वाटीभर मिश्र भाज्यांचं खतखतं पाठवलं, ते मी गुपचूप माडाच्या मुळात ओतलं. चांगलं होतं हो ते खतखतं. आता जीव हळहळतो.

मग एका पहाटे मी दाराच्या फटीला डोळा लावून बसले. आणि काय सांगू! कुंपणाच्या खिंडीतून काकी आल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्या जागेवर वाकल्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागल्या.

मी लाटणं घेऊन बाहेर!

"काकी! माझ्या पोरीवर करणी करता? पकडलं की नाही?"

माझा आवाज एवढा, की रस्त्यावर पाववाल्या पोदेराने सायकल थांबवली. दोन-चार बायका कुंपणाशी जमल्या.

काकींचा चेहरा पडला. "मी? करणी? अगो, तू माहेरसून इलंस, तेव्हा चिऊक न्हाऊक कोण घालीत होता?"

"मग ही फुलं कोण ठेवतं रोज?"

"ठेवतला कोण? तां फूल जमनीतसून येता! वडून काढ बघया!"

सगळ्यांसमोर माघार कशी घेणार? कडेला एक फूल उरलं होतं. डोळे मिटून धरलं आणि उपटलं. हातात आलं काय, तर खाली मातीने माखलेली गाठ, तिला बोटांसारखी मुळं, मुळांच्या टोकाला गोळे!

"बाहुली! करणीची बाहुली!" मी किंचाळून ते फेकलं, तर थेट पोदेराच्या पावाच्या टोपलीत.

"बाहुली नाय गो बाय, भुईचाफो!" काकी म्हणाल्या. "तुझ्या सासूचो. गेल्या शिमग्याक तू बाळंतपणाक माहेरी, तुका दिसतलो खंय? आदी फूल येता, पानां मगीर पावसात. गणेशचवथीक पातोळ्यो वाफवूक जी हळदीसारखी पानां तोडूक गेलंस, ती हेचीच! सासू वरडली नाय तुका?"

ओरडल्या होत्या. मला वाटलं, पानांसाठी कोणी एवढं ओरडतं का!

"काल तिचो फोन इलो. भुईचाफो फुललो काय बघ म्हणान सांगितल्यान. बघूक इलंय तर हय मीठच मीठ. मीठ कोणी ओतला, म्हणान पुटपुटत होतंय मी."

मी लाटणं पदराखाली घेतलं.

काकींनी माती उकरली, एक कंद काढून दाबला. पिचकन फुटला. "ह्याका काय एक लागत नाय. थंडीत पानां सुकली की गप निजाक दिवचो. निजलेल्याक साधा पाणीसुद्धा घालूचा नाय. आणि तू उकळता घातलंस?"

सगळे शिजले होते. एकच धडधाकट होता, तो मी उपटला. पोदेराने तो पावातून शोधून दिला. काकींनी लावलाय परत, पण मान टाकून बसलाय.

मग काकींनी चिऊला उचललं, तोंडात बोट घातलं नि म्हणाल्या, "करणी खंयची? दाढ येता पोराक!" मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणतात, "आदी तां लाटणा ठेव."

आता खरी पंचाईत ऐका. ते कंद सासूबाईंनी आपल्या माहेराहून आणलेले, आणि पाडव्याला त्या परत येतायत. तुमच्या परसात भुईचाफा असेल तर दोन-चार कंद द्या. नसेल तर डिचोलीत, कारापुरात, ओळखीपाळखीत एवढा निरोप पोचवा. माझं नाव सांगायची गरज नाही. "फुलाक मीठ घातलेली खंय रवता?" म्हणून विचारायला सांगा. अख्खं मये बोट दाखवतं.