महासंघाची खानावळ

औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कामगार महासंघाच्या कार्यालयात हल्ली दुपारी फोडणीचा वास येतो. आज एक सुरक्षारक्षक जेवण झाल्यावरही तिथेच घुटमळताना दिसला, आणि मला गेल्या वर्षीची बैठक आठवली.

मी महासंघाचा खजिनदार. तेव्हा आमच्याकडे वकिलाच्या फीपुरतेही पैसे नव्हते. वर्गणी वाढवणं जिवावर येत होतं आणि मालकांकडून देणगी घ्यायची नाही, हे ठरलेलं. त्या बैठकीत घरकामगार संघटनेच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "संपात आम्ही रोज सगळ्यांना जेवू घातलं. ती पातेली माळ्यावर पडून आहेत. संप नसतानाही चूल पेटवू या की. रास्त दरात ताट विकू."

लढणाऱ्यांनी खानावळ चालवायची, याचा मला संकोच वाटला होता. पण पिठलं-भाकरीला गर्दी होऊ लागली आणि वकिलाची फी वेळेवर जाऊ लागली.

आज त्या रक्षकाने शेवटी वत्सलाबाईंना विचारलं, "मावशी, आम्हा कंत्राटी माणसांना युनियनमध्ये घेतात का?"

"घेतात की. बसा, सांगते," म्हणत त्या पदराला हात पुसून त्याच्या समोर बसल्या.

मी खानावळीचा अंदाज बांधला तेव्हा फक्त पैशांचा विचार केला होता. रोज एका पंगतीत जेवणारा माणूस एक दिवस मनातलं विचारायला धजावतो, हे मला सुचलंच नव्हतं.

मी सभासदत्वाचा अर्ज आणायला उठलो. मागून रक्षक म्हणाला, "भाऊ, तीन आणा. बाहेर आणखी दोघं थांबलेत."